व्होरिकोनॅझोल सुरक्षितपणे घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंभीर बुरशीजन्य संसर्गासाठी व्होरिकोनॅझोल सुरू झालेल्या रुग्णांच्या आणि त्यांची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांच्या मनात नेहमी येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. हे औषध केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचे असते आणि त्याचा डोस प्रत्येक रुग्णासाठी वेगळा ठरतो. त्यामुळे येथे दिलेली माहिती वाचून स्वतःचा डोस कोणीही बदलू नये. ती डॉक्टरांशी नेमके काय बोलायचे हे ठरवण्यासाठी वापरावी.

व्होरिकोनॅझोल कोणत्या आजारांसाठी दिले जाते?

मुख्यतः शरीरात खोलवर शिरलेल्या बुरशीसाठी. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात आणि आपण सगळेच ते रोज श्वासावाटे आत घेतो. निरोगी माणसाची प्रतिकारशक्ती त्यांचा सहज बंदोबस्त करते. मात्र रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांमुळे पांढऱ्या पेशी फार कमी झालेल्या, अवयव किंवा मूळपेशी यांचे प्रत्यारोपण झालेल्या किंवा दीर्घकाळ जास्त प्रमाणात स्टिरॉइड घ्यावे लागलेल्या रुग्णांमध्ये हेच बीजाणू फुप्फुसात रुजतात आणि तेथून रक्तवाहिन्यांत शिरून मेंदूपर्यंतही पोहोचू शकतात. अशा ॲस्परजिलोसिसवर व्होरिकोनॅझोल हे पहिल्या पसंतीच्या औषधांपैकी एक आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात १२ आठवड्यांनंतर हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण व्होरिकोनॅझोल घेणाऱ्यांत सुमारे ७१ टक्के, तर त्याआधीचे प्रमुख औषध असलेले ॲम्फोटेरिसिन बी घेणाऱ्यांत सुमारे ५८ टक्के होते. याशिवाय रक्तातील किंवा अन्ननलिकेतील कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग आणि फ्युजेरियम व सीडोस्पोरियम या तुलनेने दुर्मीळ बुरशींचे संसर्ग यांसाठीही ते वापरले जाते.

हे औषध सर्व प्रकारच्या बुरशींवर चालते का?

नाही. ‘काळी बुरशी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या म्युकरमायकोसिसवर व्होरिकोनॅझोलचा उपयोग होत नाही; तेथे ॲम्फोटेरिसिन बी, पोसॅकोनॅझोल किंवा आयसाव्ह्युकोनॅझोल ही औषधे लागतात. म्हणून शक्य असेल तेथे ऊतींचा तुकडा, थुंकी किंवा रक्त तपासून बुरशी नेमकी कोणती हे शोधण्याचा डॉक्टरांचा आग्रह असतो. ‘औषध सुरूच झाले आहे, मग आता पुन्हा तपासणी कशाला?’ असे रुग्णाला वाटणे स्वाभाविक आहे, पण उपचाराची पुढची दिशा अनेकदा त्या एका अहवालावरच ठरते.

पहिल्या दिवशी जास्त डोस का दिला, आणि नंतर तो कमी का केला?

नेहमीच्या डोसने सुरुवात केली, तर रक्तातील औषधाची पातळी स्थिरावण्यास पाच-सहा दिवस लागतात, आणि गंभीर संसर्गात तेवढे थांबणे परवडत नाही. म्हणून पहिल्या २४ तासांत मोठा डोस देऊन पातळी लवकर वर आणली जाते आणि त्यानंतर ती टिकवून ठेवण्यापुरता डोस दर १२ तासांनी चालू ठेवला जातो. शिरेतून दिलेल्या औषधावरून गोळ्यांवर येणे म्हणजे उपचार सौम्य करणे नव्हे. तोंडावाटे घेतलेले व्होरिकोनॅझोल प्रौढांमध्ये ९० टक्क्यांहून अधिक प्रमाणात रक्तात शोषले जाते, मात्र त्यासाठी ते योग्य वेळी घेतलेले असावे लागते.

गोळी जेवणाआधी घ्यावी की जेवणानंतर?

पोट रिकामे असताना, म्हणजे जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा जेवणानंतर किमान एक तासाने. पातळ औषध असेल, तर जेवणानंतर दोन तासांचे अंतर ठेवण्यास काही ठिकाणी सांगितले जाते. तुमच्या औषधासोबतच्या पत्रकात जे अंतर दिले असेल ते पाळावे. स्निग्ध पदार्थ भरपूर असलेल्या जेवणासोबत गोळी घेतल्यास औषधाचे शोषण सुमारे एक चतुर्थांशाने घटते. एखाद्या दिवशी हे घडले म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण रोज असेच होत राहिले, तर औषध ‘चालू’ असूनही संसर्गाला पुरेसे पडत नाही.

येथे एक गोंधळ वारंवार होतो. या गटातील औषधांची नावे एकमेकांसारखी असली, तरी ती घेण्याचे नियम एकसारखे नाहीत. पोसॅकोनॅझोलचे पातळ औषध आणि इट्रॅकोनॅझोलच्या नेहमीच्या कॅप्सूल जेवणासोबत घ्यायच्या असतात, इट्रॅकोनॅझोलचे पातळ औषध मात्र रिकाम्या पोटी घ्यायचे असते आणि फ्लुकोनॅझोल कधीही घेतले तरी चालते. दुसऱ्या रुग्णाला मिळालेली सूचना आपल्यालाही लागू आहे असे समजू नये, आणि डॉक्टरांनी औषध बदलून दिले, तर घेण्याची वेळही नव्याने विचारून घ्यावी.

माझ्या रक्तातील औषधाची पातळी पुन्हा पुन्हा का तपासली जाते?

कारण डोस तोच असला, तरी दोन माणसांच्या रक्तातील या औषधाची पातळी कित्येक पटींनी वेगळी असू शकते. आणि एकाच माणसाच्या बाबतीतही आजची पातळी पुढच्या आठवड्यात तशीच राहील याची खात्री देता येत नाही. व्होरिकोनॅझोल सुरक्षितपणे घेण्यासाठी जे काही समजून घ्यायचे आहे, त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

हे औषध यकृतातील विकरांमार्फत (एन्झाइम) मोडले जाते आणि त्यातील मुख्य विकर किती कार्यक्षम आहे, हे आपल्या जनुकांवर अवलंबून असते. काहींच्या शरीरात हे विकर जवळजवळ निष्क्रिय असते. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये अशांचे प्रमाण सुमारे १५ ते २० टक्के, तर युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये ३ ते ५ टक्के असते. अशा व्यक्तींच्या शरीराला त्याच डोसमधून सरासरी चौपट औषध सोसावे लागते. याउलट काहींचे विकर इतके वेगाने काम करते, की नेहमीच्या डोसने पातळी उपयोगी मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही. लहान मुलांचे शरीरही हे औषध झपाट्याने मोडते, त्यामुळे त्यांना वजनाच्या मानाने मोठ्या माणसांपेक्षा जास्त डोस लागतो.

त्यातच या विकरांची क्षमता लवकर संपते. म्हणजे असे, की डोस दीडपट केला, तर पातळी दीडपटच वाढेल असा आपला साधा हिशेब येथे चुकतो : २०० मिलिग्रॅमऐवजी ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतल्यास शरीरातील औषधाचे प्रमाण सरासरी अडीचपट होते. स्वतःच्या मनाने एक जादा गोळी घेणे या औषधाच्या बाबतीत विशेष धोक्याचे का, हे यावरून लक्षात येईल. शरीरात मोठ्या प्रमाणावर दाह असेल, तरीही पातळी वर जाते आणि दाह ओसरला की खाली येते.

ही तपासणी साधारणपणे उपचार सुरू झाल्यानंतर दोन ते पाच दिवसांनी आणि पुढे डोस बदलल्यावर, नवे औषध जोडल्यावर, त्रास होऊ लागल्यावर किंवा संसर्ग आटोक्यात येत नसल्यास पुन्हा केली जाते. रक्त पुढचा डोस घेण्याच्या अगदी आधी द्यायचे असते, म्हणजे दोन डोसांमधील सर्वांत खालची पातळी कळते. ती बहुधा एका लिटरमागे १ ते ५.५ मिलिग्रॅम या दरम्यान राखण्याचा प्रयत्न असतो. पातळी त्याखाली असेल तर औषध अपुरे पडण्याची आणि त्याहून जास्त असेल तर दुष्परिणाम होण्याची शक्यता वाढते. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी घेऊन मगच प्रयोगशाळेत गेलात, तर येणारा आकडा दिशाभूल करणारा असतो. चुकून तसे झालेच, तर ते न लपवता रक्त घेणाऱ्याला सांगावे आणि गोळी किती वाजता घेतली याची नोंद करून ठेवावी.

मी आधीपासून इतर औषधे घेत आहे. ती चालू ठेवावीत का?

कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये आणि कोणतेही औषध सांगायचे राहूही देऊ नये. व्होरिकोनॅझोलचे इतर औषधांशी होणारे झगडे इतके आहेत, की त्यांची संपूर्ण यादी येथे देणे शक्य नाही. मात्र त्यांचे स्वरूप समजले, तर आपण काय सांगायला हवे हे ओळखता येते.

काही औषधे व्होरिकोनॅझोललाच निष्प्रभ करतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे : त्याच्या सोबतीने रक्तातील व्होरिकोनॅझोल ९० टक्क्यांहून अधिक घटते, म्हणजे गोळ्या गिळत राहूनही उपचार जवळपास होतच नाही. रिफॅम्पिसिन थांबवल्यावरही त्याचा यकृतावरील प्रभाव साधारण दोन आठवडे रेंगाळतो. अपस्मारावरील कार्बामाझेपिन आणि फिनोबार्बिटल, तसेच मन प्रसन्न ठेवण्यासाठी म्हणून घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती हेही असाच परिणाम करतात आणि त्यामुळे ती यासोबत देत नाहीत. फेनिटॉइनच्या बाबतीत परिणाम दोन्ही बाजूंनी होतो : व्होरिकोनॅझोलची पातळी उतरते आणि फेनिटॉइनची चढते. म्हणून ही जोडी टाळता आली नाही, तर दोन्हींवर लक्ष ठेवावे लागते.

दुसऱ्या प्रकारात व्होरिकोनॅझोल इतर औषधांचे मोडणे रोखते आणि ती शरीरात साचत जातात. प्रत्यारोपणानंतर घ्यावी लागणारी टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही औषधे याचमुळे सुरुवातीलाच कमी केली जातात, टॅक्रोलिमस साधारण एक तृतीयांशावर आणि सायक्लोस्पोरिन निम्म्यावर, आणि त्यांची पातळी वरचेवर तपासली जाते. सिरोलिमस तर सामान्यतः यासोबत वर्ज्यच मानले जाते. वॉरफेरिन घेणाऱ्यांमध्ये रक्त जास्त पातळ होऊन रक्तस्रावाचा धोका वाढतो. ग्लिपिझाइड किंवा ग्लिबेनक्लॅमाइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांमुळे साखर अचानक खाली येऊ शकते. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्यांनी स्नायू दुखू लागल्यास ते लगेच कळवावे. रक्ताच्या कर्करोगात दिल्या जाणाऱ्या व्हिन्क्रिस्टिनचे मज्जातंतूंवरील दुष्परिणाम तीव्र होतात, आणि बुरशीचा धोकाही याच रुग्णांना अधिक असल्यामुळे ही गाठ प्रत्यक्षात पडते. अर्धशिशीसाठीच्या अर्गोटामिनमुळे रक्तवाहिन्या धोकादायकरीत्या आकुंचन पावतात, म्हणून ते पूर्ण टाळायचे असते.

दम्याचा पंप किंवा नाकातला फवारा यांना अनेक जण औषधात धरतच नाहीत. मात्र त्यांतील फ्लुटिकासोन किंवा बुडेसोनाइड हे स्टिरॉइड व्होरिकोनॅझोलमुळे शरीरात साचू शकते आणि काही महिन्यांत चेहरा सुजणे, साखर वाढणे, शरीराची स्वतःची स्टिरॉइडनिर्मिती मंदावणे असे परिणाम दिसू शकतात. झोपेच्या गोळ्या, पित्ताच्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, वनौषधी, चूर्णे, काढे, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली वेदनाशामके, सगळे सांगावे. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे घरातील सगळी औषधे एका पिशवीत घालून ती पिशवीच डॉक्टरांसमोर किंवा फार्मासिस्टसमोर ठेवणे. आठवणीवर विसंबून सांगितलेल्या यादीत काही ना काही सुटतेच.

गोळी घेतल्यावर डोळ्यांपुढे लख्ख प्रकाश दिसतो, रंग बदललेले वाटतात. दृष्टी जाईल का?

हा या औषधाचा सुपरिचित परिणाम आहे आणि चाचण्यांमध्ये साधारण पाचांपैकी एका रुग्णाला तो जाणवला. डोस घेतल्यानंतर सुमारे अर्ध्या तासात धूसर दिसणे, उजेड खुपणे, रंग फिके किंवा वेगळे वाटणे, प्रकाशाच्या लहरी दिसणे असे होते. बहुतेकांमध्ये ते तासाभरात आपोआप ओसरते आणि पुढच्या डोसांबरोबर त्याची तीव्रताही कमी होत जाते. या काळात वाहन किंवा यंत्र चालवू नये आणि रात्री तर वाहन चालवणे पूर्णपणे टाळावे. त्रास सतत राहिला, दृष्टीचा एखादा भाग दिसेनासा झाला किंवा उपचार चार आठवड्यांपेक्षा जास्त चालणार असतील, तर नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.

डोळ्यांचा हा त्रास आणि प्रत्यक्ष भास होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नसलेली माणसे दिसणे, आवाज ऐकू येणे, गोंधळल्यासारखे वागणे हे रक्तातील पातळी जास्त झाल्याचे लक्षण असू शकते. रुग्णाला स्वतःला ते सांगण्याचा संकोच वाटतो, म्हणून जवळच्यांनी ते ओळखून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

उन्हात जाणे टाळा असे सांगितले आहे. ते इतके आवश्यक आहे का?

होय. व्होरिकोनॅझोलमुळे त्वचा सूर्यप्रकाशाला फार संवेदनशील होते. थोड्या वेळाच्या उन्हानेही चेहरा, ओठ आणि हात भाजल्यासारखे लाल होतात. अनेक महिने औषध चालू असलेल्यांमध्ये, विशेषतः प्रतिकारशक्ती दबलेली असताना, या उन्हाने होरपळलेल्या त्वचेवर त्वचेचा कर्करोग झाल्याचे नोंदले गेले आहे. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी आणि जास्त संरक्षणाचे सनस्क्रीन हे औषधाइतकेच नियमित असावे. मुलांच्या बाबतीत तर याबद्दल अधिकच दक्ष राहावे. न भरणारी जखम, खवलेदार चट्टा किंवा बदलणारा तीळ दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. उपचार सहा महिन्यांपलीकडे जात असतील, तर त्वचेची ठरावीक काळाने तपासणी आणि औषध खरोखर अजून लागते आहे का, याचा फेरविचार ही दोन्ही गोष्टी तुम्ही स्वतः विचारून घ्याव्यात.

यकृत आणि हृदय यांच्या चाचण्या कशासाठी?

हे औषध यकृतातच मोडले जात असल्याने यकृताची विकरे वाढणे हा त्याचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. क्वचित यकृताला गंभीर इजाही होते. म्हणून यकृताच्या चाचण्या सुरुवातीला, पहिला महिनाभर निदान दर आठवड्याला आणि सर्व ठीक असल्यास पुढे दर महिन्याला केल्या जातात. डोळे किंवा त्वचा पिवळी दिसणे, लघवी गडद होणे, भूक मरणे, सतत मळमळ, अंगाला खाज यांपैकी काहीही झाले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. उपचारकाळात मद्य टाळणेच योग्य.

हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका कमी असला, तरी खरा आहे. रक्तातील पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम कमी असेल, तर ते औषधापूर्वी भरून काढले जाते आणि गरजेनुसार ईसीजी काढला जातो. काही प्रतिजैविके आणि मानसिक आजारांवरील काही औषधे हा धोका वाढवतात.

गर्भधारणा किंवा स्तनपान सुरू असल्यास?

व्होरिकोनॅझोलमुळे गर्भाला इजा होऊ शकते. आईच्या जिवाला असलेला धोका स्पष्टपणे मोठा असल्याखेरीज ते गर्भारपणात दिले जात नाही, आणि गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांनी उपचार चालू असेपर्यंत खात्रीचे गर्भनिरोधन वापरावे. स्तनपान करत असल्यास औषध सुरू करण्यापूर्वीच सांगावे. सामान्यतः या काळात स्तनपान थांबवण्याचा सल्ला दिला जातो.

एखादा डोस चुकला किंवा गोळी घेतल्यावर उलटी झाली तर?

थोडाच उशीर झाला असेल, तर गोळी घ्यावी. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेला डोस सोडून द्यावा आणि ठरलेल्या वेळी नेहमीचाच डोस घ्यावा. दोन डोस एकत्र कधीही घेऊ नयेत. त्याचे कारण वर आले आहे. उलटी झाल्यास स्वतःहून दुसरी गोळी न घेता फोन करून विचारावे, आणि वारंवार उलट्या होत असतील तर ते त्याच दिवशी कळवावे.

पातळ औषध कसे ठेवावे?

फार्मासिस्टने पाणी मिसळून तयार केल्यानंतर ते फ्रिजमध्ये ठेवू नये आणि १४ दिवसांनंतर उरले तरी वापरू नये. तयार केल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवावी. प्रत्येक डोसापूर्वी बंद बाटली सुमारे १० सेकंद हलवावी, सोबत दिलेल्या पिचकारीनेच मोजावे आणि औषध कशातही मिसळू नये. त्यात साखर असते, तर गोळ्यांमध्ये दुधातील लॅक्टोज असते. मधुमेह असलेल्यांनी किंवा लॅक्टोज पचत नसलेल्यांनी याची कल्पना द्यावी.

आता बरे वाटते आहे. औषध थांबवता येईल का?

ताप उतरणे आणि बुरशी नाहीशी होणे यांत बरेच अंतर असते. फुप्फुसातील ॲस्परजिलोसिसमध्ये उपचार किमान ६ ते १२ आठवडे चालतात आणि प्रतिकारशक्ती सावरलेली नसेल तर त्याहूनही अधिक. रक्तातील कॅन्डिडाच्या संसर्गात रक्त बुरशीमुक्त झाल्याचे अहवालातून दिसल्यानंतरही सर्वसाधारणपणे १४ दिवस औषध दिले जाते. मध्येच गोळ्या संपणार नाहीत याची तजवीज आधीच करून ठेवावी.

काही महिन्यांपासून हाडे दुखत आहेत. याचा औषधाशी संबंध असू शकतो का?

असू शकतो. या औषधाच्या प्रत्येक रेणूत फ्लोरिनचे तीन अणू असतात आणि दीर्घकाळ उपचार घेतलेल्या काहींमध्ये शरीरातील फ्लोराइड वाढून हाडांवरील आवरणाला दाह होतो. ही वेदना वयाची किंवा अशक्तपणाची समजून सोसत बसणारे रुग्ण पाहिले की वाईट वाटते, कारण एक्स-रे आणि रक्ताच्या साध्या चाचण्यांतून तिचा माग लागतो आणि औषध बदलले की ती बहुधा कमी होते.

कोणती लक्षणे दिसताच तातडीने रुग्णालयात जावे?

श्वास घेण्यास त्रास, चेहरा किंवा घसा सुजणे, त्वचेवर फोड येणे किंवा ती सोलून निघणे, तोंडात किंवा डोळ्यांत व्रण, बेशुद्ध पडणे, छातीत वेगाने किंवा अनियमित धडधडणे, झटके येणे, कावीळ. खोकल्यातून रक्त येणे, ताप पुन्हा चढणे किंवा तीव्र डोकेदुखी ही संसर्ग बळावत असल्याची चिन्हे असू शकतात, म्हणून त्यांच्या बाबतीतही उशीर करू नये.

औषध बंद झाल्यानंतर काही काळजी घ्यावी लागते का?

लागते, आणि तीही विशेषतः इतर औषधांची. व्होरिकोनॅझोल असताना कमी केलेले टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन किंवा वॉरफेरिन व्होरिकोनॅझोल थांबताच शरीरातून पुन्हा वेगाने जाऊ लागते आणि त्यांची पातळी घसरते. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात यामुळे अवयव नाकारला जाण्याचा धोका उद्भवतो. म्हणून शेवटची गोळी कोणत्या दिवशी घेतली, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच नव्हे, तर तुमच्या मूळ आजारावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही त्याच आठवड्यात कळवावे आणि त्या औषधांच्या रक्तचाचण्यांची तारीख तेव्हाच ठरवून घ्यावी.